अनोळखी माणसाचे शब्द

“मला टायपिंग नको मॅडम, ते हिशेबाचंही नको. मला नुसतं शोधायला शिकवा.”

माझ्या क्लासात येणाऱ्यांनी आजवर काय काय मागितलं नव्हतं! कुणाला सर्टिफिकेट, कुणाला निकाल, कुणाला दोन तास एसीची हवा. पण ‘शोधायला शिकवा’ म्हणणारी ही पहिलीच. उदगीरला बसस्टँडच्या मागं, एका मेडिकलच्या डोक्यावर माझा कम्प्युटर क्लास होता, तेव्हाची ही गोष्ट. हातातल्या मोबाइलवर सगळं जग यायला अजून अवकाश होता. गूगल करायचं तर लोक जिना चढून माझ्याकडं यायचे आणि जिना चढल्याचा राग माझ्या मशीनवर काढायचे.

“काय शोधायचंय?” मी विचारलं.

बाई पंचविशी-तिशीतली असेल. हिरवं सुती लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. तिच्याऐवजी दाराजवळच्या खुर्चीत बसलेले म्हातारे बोलले.

“आमचा मुलगा.”

त्यांना मी ओळखत होते. शंकरअप्पा कोरे. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि तोंडात शिवी नाही. अख्खा मोंढा त्यांना अप्पा म्हणायचा. ही त्यांची सून, शिवगंगा. त्यांचा मुलगा, हिचा नवरा मन्मथ, श्रावणात घरातून गेला होता. धाकट्या बहिणीला, उमाला, अकोल्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, ते घर बघायला. तो त्या घरी पोचलाच नाही आणि परतही आला नाही. आता शिमगा तोंडावर आला होता.

“पोलिसांत दिलंय, पेपरात दिलंय,” अप्पा म्हणाले. “देवाचा कौल लावून झाला. आता ही म्हणायलीय, कम्प्युटरमधे सगळं सापडतंय. म्हटलं, चल बाई, तेवढं तरी कशाला राहू दे. बाईमाणूस शिकवायलंय, मग हरकत नाही.”

बाईमाणूस शिकवतं म्हणून अप्पांनी परवानगी दिली, आणि बाईमाणसाला एकटं पाठवायचं नाही म्हणून स्वतः राखणीला बसले. रोज दुपारी दुकान नोकरावर टाकून ते यायचे. दाराशी बसून जपमाळ ओढायचे. पण कान आमच्याकडं.

पहिल्या दिवशी शिवगंगेनं एक एक अक्षर हुडकत, घामाघूम होत, अख्खं वाक्य लिहिलं : माझे पती मन्मथ कोरे कुठे आहेत ते सांगा. आणि हात जोडल्यासारखी बसून राहिली. पडद्यावर आलं काय? पतीच्या आयुष्यासाठी करायची व्रतं. पतीला मुठीत ठेवायचे सात उपाय. कन्या राशीच्या पतीचा स्वभाव.

“अगं, हे गूगल म्हणजे काय अंगात आलेली बाई आहे का, प्रश्न विचारायला?” मी फटकारलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखटच. “ह्याला ना तुझं दुःख कळत, ना तुझा प्रश्न. लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यात तू दिलेले शब्द आहेत का, एवढंच ते बघतं. ‘माझे’, ‘कुठे’, ‘सांगा’ हे सगळं पुसून टाक.”

तिनं पुसलं. राहिलं मन्मथ कोरे. मग आली देवळं, यात्रा, भजनं, कारण आमच्या भागात मन्मथ हे संताचं नाव, घरटी एक सापडतो. मी तिला दाखवलं, नाव अवतरण चिन्हांत घातलं की दोन्ही शब्द जोडीनंच शोधले जातात. नको असलेल्या शब्दामागं वजाचं चिन्ह ठेवलं की तो गाळला जातो. तिनं लगेच यात्रा गाळली, भजन गाळलं. निलंग्याचे एक मन्मथ कोरे मास्तर निघाले, त्यांना गाळलं. एक पतसंस्थेचे संचालक निघाले, त्यांनाही गाळलं. पोरगी भलती हुशार होती. गाळून गाळून शेवटी पडद्यावर काहीच उरलं नाही.

“झालं?” अप्पांनी दारातून विचारलं.

“एका दिवसात कसं होईल अप्पा?” मी म्हणाले.

“नाही, मी आपलं विचारलं.”

अशा बऱ्याच दुपारी गेल्या. ती यायची, पर्स बाजूला ठेवायची, बसायची. कधी मन्मथ आणि अकोला, कधी मन्मथ आणि अपघात. ‘अपघात’ हा शब्द लिहिताना ती पदरानं पडदा झाकायची, अप्पांना दिसू नये म्हणून. मधेच कधीतरी नवऱ्याबद्दल बोलायची. त्यांना शिऱ्यात केळं लागायचं. दुकानातून येताना गाणं म्हणत यायचे, सूर धड नसायचा. गर्दीत कुणाला वाट पुसायची म्हटलं तरी लाजायचे. असं बोलली की मग पुन्हा त्यांचं नाव टाकायची. मला तिची फार दया यायची आणि त्या मशीनचा राग यायचा. इतकी मोठी दुनिया आत कोंबून ठेवलीस, मग एक माणूस काढून द्यायला काय होतंय तुला?

शेवटी मी म्हटलं, असं नुसतं नावाच्या मागं लागून चालायचं नाही. “अप्पा, पेपरात काय दिलं होतं? तेच शब्द टाकून बघू.”

अप्पांना ते पाठ होतं. डोळे मिटून म्हणून दाखवलं. “मन्मथ शंकरअप्पा कोरे, राहणार उदगीर. वय बत्तीस. रंग गोरा. उंची साडेपाच फूट. अंगात पांढरा फुल शर्ट, निळी पँट. ओळखीची खूण, काही नाही. फोटो लग्नातला दिला होता. सुटातला. चांगला उठून दिसतोय त्यात.”

“ओळखीची खूण काहीच नाही? तीळ, जखमेचा व्रण?”

“काही नाही मॅडम. धडधाकट पोरगा. अंगाला डाग नाही.”

शिवगंगा कीबोर्डकडं बघत होती. मला वाटलं, तिला रडू आलंय.

“बरं,” मी म्हणाले. “मग आता नीट ऐक. तुम्ही आजपर्यंत शोधताय ते तुम्हाला काय माहीत आहे त्यावरून. नाव, गाव, बापाचं नाव. पण समजा, तो कुणा परक्याला सापडला. बोलायच्या स्थितीत नाही. खिशात चिठ्ठीचपाटी नाही. त्या परक्यानं कुठंतरी त्याच्याबद्दल लिहिलं. त्याला नाव माहीत आहे का? नाही. गाव? नाही. शिऱ्यात केळं लागतं हे माहीत आहे का? मग तुम्ही जन्मभर नाव टाकत बसलात तरी त्या लिहिलेल्याला तुमची गाठ कशी पडणार? शोधायचं असेल तर आपले शब्द सोडायचे. लिहिणाऱ्याचे शब्द धरायचे. त्याला काय दिसलं असेल? तो म्हणेल, अनोळखी पुरुष. वय अंदाजे तीस ते पस्तीस. बेवारस…”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अप्पा उभे होते. जपमाळ मुठीत आवळलेली.

“बेवारस? कुणाला बेवारस म्हणायलाव? बाप हितं बसलाय त्याचा!”

“अप्पा, मी म्हणत नाही. लिहिणारा तसं म्हणेल—”

“कोण लिहिणारा? कुठला लिहिणारा? माझं घर आहे, दुकान आहे, चार माणसांत नाव आहे. चल गं. बास झालं हे शिकणं.”

ती मुकाट्यानं उठली. माझ्याकडं बघून मान हलवली, येते अशी. मलाही वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. बापाच्या काळजाला लागणारच ते. पण मी काय चुकीचं सांगितलं होतं?

आठवडाभर दोघंही फिरकली नाहीत. मग एका दुपारी शिवगंगा एकटीच आली. जिना पळत चढली असावी, श्वास पुरत नव्हता.

“अप्पा कुठं आहेत?”

“अकोल्याचं ते स्थळ तर गेलंच. उमाला बघायला भालकीची माणसं येणार आहेत परवा. फोटोवरून पसंती झालीय, बोलणी तेवढी राहिलीत. अप्पा दुकानावर गेलेत, पाहुण्यांसाठी सामान काढायला. मी भाजीला म्हणून निघालेय.” तिनं रिकामी पिशवी टेबलावर टाकली. “मॅडम, भिंतीकडचं मशीन द्या. कुणाला दिसायला नको.”

मी दिलं. ती बसली, आणि कितीतरी वेळ हात मांडीवरच. मग लिहिलं : अनोळखी पुरुष. थांबली. पदर तोंडात धरला. आणि पुढं लिहिलं : दंडावर कोड.

मी तिच्या मागं उभी होते. वाचलं आणि तिच्याजवळ वाकले.

“शिवगंगा, कोड?”

“हळू बोला.” तिनं दाराकडं बघितलं. “खांद्यापासून कोपरापर्यंत. डावा हात. पाठीवर थोडं. म्हणून तर बाराही महिने फुल शर्ट. मलाही लग्न झाल्यावर कळलं. पहिल्या रात्री दिवा मालवायला लागले, तेव्हा मीच म्हटलं राहू द्या. त्यांनी शर्ट काढला आणि भिंतीकडं तोंड करून बसले, चोरी पकडल्यासारखे.”

“आणि तू?”

“मी काय? दोन दिवस रडले, फसवलं म्हणून. मग बघितलं, माणूस लाखात एक आहे. पुन्हा कधी वाटलं नाही मला त्याचं.” तिनं नाक पुसलं. “पोलिसांत द्यायला गेलो तेव्हा मी तोंड उघडणार होते. पण अप्पांनी आदल्या दिवशीच देवघरात बसवलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली. म्हणाले, पोरगा आज ना उद्या येईल. पण घरात कोड आहे हे एकदा पेपरात छापून आलं, तर उमा जन्मभर माझ्या उंबऱ्याच्या आत राहील.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. अहो, कोड म्हणजे काय? ना दुखत, ना खुपत, ना कुणाला लागत. कातडीचा रंग गेला, एवढंच. पण आमच्याकडं मुलीला बघायला आलेले लोक तिच्या भावाची बाही वर करून बघतील, इतकी त्याची दहशत. अप्पा वाईट नव्हते हो. एक लेकरू हरवलं होतं, दुसरं बुडू नये म्हणून त्यांनी ती एक गोष्ट दाबली. आणि नेमकी तीच गोष्ट परक्याच्या डोळ्यांना सगळ्यात आधी दिसणार होती.

“मग आज कशी लिहिलीस?”

“तुम्हीच म्हणालात ना, त्याला काय दिसलं असेल ते लिही. आठवडा झाला, दुसरं काही सुचतच नाही मला. ह्यांचा शर्ट काढला की परक्याला दुसरं काय दिसणार?”

तिनं बटण दाबलं. त्वचारोगाचे डॉक्टर आले, लेप आले, काढे आले. माणूस कुठंच नाही. ती माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी, पण ते खाली पडू देत नव्हती.

“थांब,” मी खुर्ची ओढली. “कोड हा शब्द आपला आहे. घरातला, कुजबुजायचा. लिहिणारा हा शब्द वापरेलच असं नाही. त्यानं वेगळा लिहिला असेल. पांढरे डाग लिही. औषध आणि उपचार गाळून टाक. आणि पुरुष नको, इसम लिही. सरकारी कागदाची सवय असलेला माणूस इसमच लिहितो.”

अनोळखी इसम, दंडावर पांढरे डाग. वजा औषध. वजा उपचार. ती स्वतःहून म्हणाली, “बोलत नाही, हेही घालू?” मी म्हटलं घाल.

यादीतला दुसराच निकाल. वऱ्हाडात कुठंतरी रस्त्यावरच्या बेवारस लोकांना सांभाळणारा एक आश्रम होता, त्याचं पान. शिवगंगेनं दाबलं. नेटचा वेग तेव्हा बैलगाडीचा. आधी अक्षरं आली, मग फोटो वरून खाली हळूहळू उलगडायला लागला. केस वाढलेले. दाढी. बनियनमधला हडकुळा माणूस लोखंडी खाटेवर बसलेला, कॅमेऱ्याकडं बघून लाजल्यासारखा हसत. आणि डावा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत पांढराफटक.

तिनं पडद्यावरच्या त्या दंडाला बोट लावलं फक्त.

मी वाचून दाखवलं. ‘सरकारी दवाखान्यातून आपल्याकडे आलेला अनोळखी इसम. डोक्याला जबर मार. काही बोलत नाही. अंगावर कागदपत्र नाही. डाव्या दंडावर व पाठीवर पांढरे डाग. नाव विचारल्यावर नुसता हसतो. स्वभावाने गरीब. संध्याकाळी फाटकाजवळ जाऊन बसतो. कोणाचा असल्यास कृपया कळवावे.’

“लाजायलेत,” शिवगंगा म्हणाली. “बघितलं का मॅडम, फोटोतपण लाजायलेत!” आणि हसायला लागली, रडायला लागली, मला मिठी मारून घट्ट आवळलं. “जिवंत आहेत! माझे जिवंत आहेत! अप्पांना सांगते, दुकानावर फोन लावते खालून—” आणि पिशवी, चप्पल, काही न घेता जिना उतरत पळाली. माझ्या टेबलावरचा फोन तिला दिसलाच नाही.

मी पान खाली सरकवत होते, फोन नंबर बघायला. खाली त्याच माणसाबद्दल नंतर लिहिलेल्या मजकुराचा दुवा होता. सहज दाबला.

अगदी थोडंच लिहिलं होतं. थंडीत छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेला. कोणी नातेवाईक न आल्याने आश्रमानेच अंत्यविधी केला. ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो.

जगातली सगळी मशिनं फोडून टाकावीत असं वाटलं मला. संक्रांत होऊन दोन महिने होत आले होते. म्हणजे ती पहिल्यांदा माझा जिना चढली तेव्हाच उशीर झालेला होता. आणि खालून तिचा आवाज येत होता, मेडिकलवाल्याच्या फोनवर. “अप्पा, या! लवकर या! सापडले!” मी खिडकीतून हाक मारून थांबवू शकले असते का? कोण जाणे. मी मारली नाही, एवढं खरं.

ती वर आली तेव्हा मी पडद्यासमोरून बाजूला झाले. सांगायचं धैर्य नव्हतं. तिनं वाचलं. ती आता भराभर वाचायला शिकली होती.

थोड्या वेळानं अप्पा आले. धावत, धोतर सावरत, पायात काही नाही. दारातूनच म्हणाले, “कुठाय? कुठाय माझा मन्मथ?” मग आमची तोंडं बघितली आणि चौकट धरली.

सांगितलं मीच. कधीतरी कुणीतरी सांगायलाच हवं होतं. अप्पांचा विश्वास बसेना. म्हणाले, दुसरा कुणी असेल. दाढीत कुणीही कुणासारखं दिसतं. म्हणाले, फोन लावा. मी टेबलावरच्या फोनवरून आश्रमाचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलणारा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“कोण? उदगीर? थांबा थांबा. कोरे तर नाही ना तुम्ही? पेपरात दिलं होतं, सुटातला फोटो?”

“हो,” अप्पा म्हणाले. “तुम्ही वाचलं होतं?”

“अहो, आम्ही रोज सगळ्या हरवलेल्यांच्या जाहिराती कापून ठेवतो. आमचं कामच आहे ते. तुमची कापून त्याच्याशेजारी धरली होती मी. नाक तेच वाटलं, डोळे तेच वाटले. आमच्या बाई म्हणाल्या, फोन करून बघा. पण तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ओळखीची खूण काही नाही. आणि ह्या माणसाच्या अंगावर तर आंधळ्यालाही दिसेल एवढी खूण. मग म्हटलं, हा तो नव्हे. घरच्या माणसांना एवढं माहीत नसेल, असं कसं होईल?”

अप्पांच्या हातातला रिसीव्हर कानापासून थोडा लांब झाला.

“हॅलो? ऐकू येतंय का? साहेब, तो तुमचाच आहे का? नाव सांगा म्हणजे पानावर नाव टाकतो. बिननावाचा गेला बिचारा, आमच्याही जिवाला लागलंय ते. सांगा, नाव काय?”

आम्ही दोघी अप्पांकडं बघत होतो. त्यांचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग त्यांनी दाराकडं बघितलं, जणू भालकीची माणसं जिन्यातच उभी होती.

“नाही,” अप्पा म्हणाले. “आमचा नव्हे तो. आमच्या मुलाच्या अंगाला डाग नव्हता.”

आणि फोन ठेवला.

देवाशपथ सांगते, त्या घटकेला मला त्यांची किळस आली. पण ते खाली बसले, फरशीवरच, आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले, दोन्ही हातांनी. आवाज न करता. किळस कुठल्या कुठं गेली.

शिवगंगा उठली. अप्पांना ओलांडून टेबलाकडं गेली. पडद्यावर बघत नंबर फिरवला.

“मी उदगीरहून बोलतेय,” ती म्हणाली. “आत्ता फोन आला होता तिथूनच. लिहून घ्या. मन्मथ शंकरअप्पा कोरे. उदगीर. मी बायको त्यांची.”

“मग आत्ता नाही म्हणाले ते कोण होते?” पलीकडचा माणूस गोंधळला होता.

ती अप्पांकडं बघत म्हणाली, “ते वडील आहेत त्यांचे.”

पलीकडचा आवाज हळू झाला, आम्हाला नीट ऐकू येईना. तीच बोलत होती. हो. हो. खिशात काही नव्हतं का? गळ्यात लिंग? बरं. त्रास झाला का खूप? मग बराच वेळ ऐकत राहिली. मग रिसीव्हर छातीशी धरून म्हणाली, “अप्पा, ते विचारायलेत, राख ठेवलीय. न्यायला कोण येणार?”

अप्पांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

“राख?” ते म्हणाले. “जाळलं त्याला?”

आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, अप्पांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात, गळ्यातलं लिंग हातात ठेवून. त्याच्या गळ्यात लिंगही उरलं नव्हतं, आणि तो कुणाचा कोण हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. आश्रमाच्या लोकांनी त्यांच्या परीनं चांगलंच केलं होतं.

“आपल्यात राख नसती गं पोरी,” अप्पा रडत म्हणाले. “आपल्यात माती असती.”

“आता राखच आहे अप्पा,” शिवगंगा म्हणाली, आणि फोनवर सांगितलं, “मी येते. उद्या निघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले. तिला एकटीला कसं जाऊ द्यायचं, निदान नांदेडपर्यंत सोबत करावी म्हणून. ती नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसली होती, मांडीवर एक नवी पितळी लोटी. खिडकीखाली अप्पा उभे होते. रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. त्यांनी एक कोरं पांढरं वस्त्र तिच्या हातात दिलं, लोटीला गुंडाळायला. गाडीनं भोंगा दिला तेव्हा खिडकीची दांडी धरून म्हणाले, “मी आलो असतो गं. पण उद्या पाहुणे यायचेत. घरात कुणीतरी पाहिजे.”

शिवगंगेनं वस्त्र घेतलं. “हो,” म्हणाली. “उमाला सांगा, फुल बाह्यांचं पोलकं घाल म्हणावं. तिच्याही कोपरावर आता पांढरं दिसायला लागलंय.”